ठकूने दिलेली उंच गाडी

प्रिय ठकू,

ताईचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरते, की अजून हट्टाने तशीच चढते? भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, औषधाची बाटली कपाटात ठेवून खोकला जात नाही, ती प्यावी लागते. आणि तू? उन्हातान्हात जमिनी मोजत फिरतेस, जेवतेस ना वेळेवर? तुझी मामी ठीक आहे. तिची तब्येत आवाजावरून ओळखायची, आणि आवाज खणखणीत आहे. मीही धडधाकट आहे, फक्त कंबर कुरकुरते. ती तुझ्या गाडीची कृपा.

खरं सांगतो, टेम्पोवाल्याने ती मोटारसायकल दारात उतरवली तेव्हा मी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. सीट माझ्या कमरेच्या वर. बसलो तर दोन्ही टाचा अधांतरी. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, काका, स्टूल आणू का, चढायला एक नि उतरायला एक? मामीने दारातूनच बजावलं, पडलात तर मी उचलायला येणार नाही, आधीच सांगून ठेवते. वर ती डांबरी रस्त्यावरही चालते आणि दगडधोंड्यातही, असं तू फोनवर कौतुकाने सांगितलेलंस. माझा अशा वस्तूंवर विश्वास नाही गं. जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त करत आलो. जिच्यावर ‘सगळं शिवते’ असं छापलेलं असतं, ती सगळ्यात आधी माझ्या दुकानात येते.

पण त्याहून मोठा संशय वेगळाच होता. या गाडीला तू दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हतीस. मागे भाऊजींनी नुसता हॉर्न वाजवून पाहिला तर त्यांच्यावर खेकसली होतीस. आणि आता एकदम, मामा, मी नवी मोठी गाडी घेतेय, ही तू ठेव! पैशाचं नाव काढू दिलं नाहीस. जवळजवळ नवी गाडी कुणी अशी देतं का? मी मनाशी म्हटलं, या मॉडेलमध्येच कुठेतरी पाणी मुरतंय आणि पोरीने ती प्रेमाने माझ्या गळ्यात मारली. गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो जीभ टाळ्याला लावून च्च च्च करत म्हणाला, या उंच गाड्यांचं काही खरं नसतं, काका, चढावर तापतात. गाडी न बघताच म्हणाला. तरी माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागलाच.

मग काय, अंगणात चादर अंथरली आणि गाडी खोलली. चादर मामीची ठेवणीतली निघाली, त्यावर जे ऐकलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. चेन पाहिली, चाकांच्या तारा एकेक वाजवून पाहिल्या, तेल बोटावर घेऊन त्यात लोखंडाचा कीस आहे का तेही पाहिलं. काही नाही. पुन्हा जोडली आणि नदीकडच्या कच्च्या वाटेने टेकडीवर नेली. वाटेत दगड, वाळू, चिखल, सगळं होतं. मी घाबरलो, ती नाही घाबरली. वर पोहोचल्यावर इंजिनावर पाण्याचे थेंब शिंपडून पाहिले. जेवढं तापायला हवं तेवढंच तापलं होतं. ठकू, गाडी हिरा आहे. मी तिची मनातल्या मनात माफी मागितली.

आणि तिथेच, टेकडीवर बसल्याबसल्या, माझा संशय दुप्पट झाला. गाडी चांगली आहे, मग दिली का?

डाव्या हाताचा क्लचचा लिव्हर मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. इतका आत घेतलेला, की माझी बोटं लिव्हर आणि हँडलच्या मध्ये चेपत होती. कुठल्या तरी अडाणी मिस्त्रीचा प्रताप असेल असं समजून मी त्याला शिव्याही घातल्या. पण मग नीट पाहिलं. डाव्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केलेली. पट्टीचं टोक आत दुमडून दाबलेलं. असं टोक दुमडायला तुला मीच शिकवलंय. केबल नवी, कमी जोर लागावा म्हणून तेल पाजून हलकी केलेली. उजवीकडे मात्र सगळं कंपनीने दिलं तसंच. आणि ओरखडे सगळे डाव्या बाजूला, आखूड आखूड. चालती गाडी पडली की ओरखडा लांब उमटतो. हे उभ्या गाडीचे आहेत. क्लच हातातून सुटला, गाडी आचका देऊन बंद पडली आणि कलंडली, असे.

घरी येऊन मामीला सहज विचारल्यासारखं विचारलं, ठकू मागच्या वेळी आली तेव्हा कशी होती? ती म्हणाली, होती की हसतखेळत, पण बरणीचं झाकण मला उघडायला दिलं. आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होती, मला वाटलं थंडी वाजतेय. ठकू, माझ्या दुकानातले गंजलेले स्क्रू तू हसत हसत काढायचीस. काल ताईला फोन केला आणि बोलता बोलता विचारलं, लेकीची नवी गाडी कशी आहे? ती म्हणाली, कुठली नवी गाडी? हल्ली ती बसनेच जाते. मी म्हटलं, अगं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. आणि विषय बदलला.

म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय, घरी नाही. मी कुणाला काही बोललेलो नाही, मामीलासुद्धा नाही. गाडीवर माझा आता काडीचा संशय नाही. तुझ्या डाव्या हाताला काय झालंय, एवढंच सांग. कधीपासून आहे? डॉक्टरला दाखवलंस का, की ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळूनच दिवस ढकलते आहेस? दाखवलं असशील तर ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही, माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस. दाखवलं नसशील तर रागावणार नाही, पण मग मी येतो आणि दवाखान्यात तुझ्या शेजारी बसतो. ताईला सांगायचं धैर्य होत नसेल तर आपण दोघं मिळून सांगू. नोकरी जाईल या भीतीने गप्प असशील तर तेही लिही, त्याचाही विचार करू, पण आधी हात. तू डावखुरी, लिहायला त्रास होत असेल तर दोनच ओळी लिही, अक्षर कसंही येऊ दे, मला वाचता येईल. पण लवकर लिही, पोरी. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी हातातलं काम टाकून दारात येईन.

तुझाच,
मामा