पेट्रोल थंड होईपर्यंत

आई, आज म्हापशाला जाताना अस्नोड्याच्या अलीकडे एक जुनी गाडी बोनेट उघडून उभी दिसली. मी पुढे निघून आले, पण तेव्हापासून डोळ्यांसमोर तूच आहेस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तू आठवतेस ती चुलीपाशी नव्हे. पदर खोचून, कोपरापर्यंत काळे हात करून इंजिनावर वाकलेली.

बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, गाडी विकून टाक. जुनी, पेट्रोलची, आधीच कुणीतरी वापरलेली. बाईमाणसाने तिचं काय करायचं? तू तालुक्याच्या आरोग्य केंद्रात नर्स. खाणीच्या गावांत बाळंतपणाला गेलीस आणि परतीची बस चुकली, की खनिजाच्या ट्रकांना हात दाखवत उभी राहायचीस. तू गाडी ठेवलीस, लायसन काढलंस, आणि शुक्रवारच्या बाजाराला गेलीस की गॅरेजातल्या मेस्त्रीसमोर स्टूल घेऊन बसायला लागलीस. एकदा विचारलेलं तू पुन्हा विचारत नसायचीस, म्हणून तोही मनापासून दाखवायचा. मग घरी मला जेवण वाढताना, मी एखादा प्रश्न विचारला की तुझं सुरू व्हायचं. "इंजिनाला पेट्रोल हवं, हवा हवी आणि वेळेवर ठिणगी हवी. बंद पडलं की यांतलं कोण आलं नाही ते बघायचं. बाकी सगळं मागाहून." त्या गाडीच्या खोडी तुला पाठ होत्या. पावसाळ्यात ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून ओल धरायची. तू ती काढून कोरड्या फडक्याने पुसायचीस. त्यातले ठिणगीचे पॉइंट झिजले की गाडी चढावर आचके द्यायची. लाल धुळीने एअर फिल्टर तुंबला की मागून काळा धूर. सकाळी चहाआधी तू ऑइलची पट्टी काढून बघायचीस. "हे दुधासारखं दिसलं तर समज, गॅस्केट गेलं, आत पाणी शिरलं."

ते भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. राज्याचा दर्जा अजून मिळायचा होता, आणि कोकणी की मराठी यावरून घराघरांत वाद चालले होते, रस्ते अडवले जात होते. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. शाळा बंद, म्हणून तुझ्याबरोबर सुर्ल्याला एका बाळंतपणाला आले. तिथल्या एका बाईच्या पोटातलं मूल आडवं होतं. तू पोटावर हात फिरवलास आणि तिच्या सासूला म्हणालीस, "हें घरा जावचें ना. म्हापशाक व्हरूंक जाय." घरी बाळंतपण होणार नव्हतं, म्हणून इस्पितळात न्यायला आपण तिला मागच्या सीटवर निजवलं, डोकं सासूच्या मांडीवर.

डिचोली मागे पडल्यावर चढावर रस्त्यात झाड आडवं टाकलेलं. पंधरा-वीस पोरं बसलेली. तू इंजिन चालू ठेवून खाली उतरलीस, त्यांना मागची सीट दाखवलीस. पोरं झाड ओढायला लागली. डोक्यावर ऊन, आणि उभ्या उभ्या तापून गाडी बंद पडली. तू बाईची नाडी बघत होतीस, म्हणून मी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. पुन्हा.

"पुरे," तू म्हणालीस. आवाज चढला नव्हता, पण माझा हात थांबला. "बॅटरी गेली तर आपण इथेच. वास येतो पेट्रोलचा?"

"नाही."

म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. तू बोनेट उघडलंस. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला काचेची वाटी होती, तिच्यात नुसते बुडबुडे दिसत होते. "नळीतच उकळलंय. पंप वाफ ओढतोय." तू एका पोराला पाणी आणायला सांगितलंस. तो जागचा हलेना. म्हणाला, "बाय, तुमी खंयच्या बाजूचीं? मराठी काय कोकणी?"

"भाशेचें मागीर पळोवया रे पुता. आदीं उदक हाड."

भाषेचं नंतर, आधी पाणी, हे ऐकून तो धावला. जवळच्या घरातून कळशी घेऊन आला आणि इंजिनावर ओतायलाच निघाला. तू त्याचं मनगट धरलंस. "तापलेलं लोखंड तडकतं." बाळंतपणाच्या पिशवीतलं फडकं भिजवून तू पंपावर आणि नळीवर गुंडाळलंस, ते सुकलं की पुन्हा भिजवलंस. आणि मग काही केलं नाहीस. ते मला सहन होत नव्हतं. मागे बाई कण्हतेय, सासू म्हणतेय दुसरी गाडी बघा, आणि तू बाईच्या पोटावर हात ठेवून शांत बसलेली, मधूनच उठून वाटीकडे बघणारी. बुडबुडे थांबले तेव्हा तू किल्ली फिरवलीस, एकदाच. इंजिन लागलं. पोरांनी झाड अर्धं बाजूला केलं होतं. उरलेल्या जागेतून तू गाडी काढलीस. इस्पितळात ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी वाचल्या. तू बाहेर पायरीवर बसून चहात पोईचा पाव बुडवून खाल्लास आणि हात पुसून पुन्हा बोनेट उघडायला गेलीस.

आई, लोकांना मी सांगते की गाडी मी तुझ्याकडून शिकले, आणि ते मान डोलावतात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगून टाकते. मला इंजिनात कधीच गोडी नव्हती. तू समोर बसून बोलायचीस ना, म्हणून मी प्रश्न विचारत राहायचे.