फ्लेक्सवरची नवरी

१० जाने., शनिवार
बायोचं जर्नल अपुरंच. शेजारच्या पार्लरवाल्या शीतलताईंनी मावशीच्या घरातून ओढतच नेलं. क्लासच्या मुलींना नवरीचा मेकअप शिकवायचा होता आणि मॉडेल आलीच नाही. "बस गं कोमल, तासाभराचं काम." तीन तास! शालू, नथ, दागिने, सगळं भाड्याचं. डोळे उघडले आणि दचकून मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. आरशातली मीच. इतकी सुंदर, मी?? फोटो काढले. घरी येऊन तोंड धुवायचं जिवावर आलं.

१५ जाने., गुरुवार
देवा. एसटी स्टँडसमोर मी. दोन माणसांएवढी उंच. शीतलताईंनी न विचारता पार्लरचा फ्लेक्स लावलाय. खाली जाऊन उभी राहिले, एकानंही ओळखलं नाही. दोन बाया म्हणत होत्या, "हिरॉइन दिसती कुठली तरी." वर्गात सांगितलं तर मुली हसल्या, "तू? चल!" मग हनुवटीवरचा तीळ दाखवला. तेव्हापासून राणीसाहेब झालेय. तिळगूळ सगळ्यात आधी मला. खरं सांगायचं तर फार आवडतंय.

१८ जाने., रविवार
आईचा फोन. उसाच्या फडावरून, मुकादमाच्या मोबाइलवरून.
"कोमल, कोनासंगं केलंस गं? येवढंच सांग."
काय केलं??
वर्गातून बातमी फुटली आणि गावातल्या कोणीतरी फ्लेक्सचा फोटो तिकडं पाठवलाय. आणि फोटोत माझ्या गळ्यात मंगळसूत्र. पाचावर धारण बसली माझी. "आई, मेकअप आहे तो!" तर म्हणे, "मंगळसूत्र बी मेकपच व्हय?"
मागून आप्पांचा आवाजच नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. भाड्याच्या दागिन्यांत होतं, ताईंनी घातलं, मी घालू दिलं. इतकी कशी बावळट मी.

२० जाने., मंगळवार
दारात आप्पा! तोडणी सोडून. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तिकडं आईचंही काम बंद. आले तसं आधी माझ्या गळ्याकडं बघितलं. मोकळा दिसला तसे मटकन खाली बसले. "स्टँडवर लई येळ हुबा हुतो. तू वळखूच आली न्हाईस."
रडले मी. मावशीनं चहा ठेवला.
मग खरा दणका. मुकादमानं तो फोटो पुतण्याला दाखवला. निरोप असा, की लगीन झालं नसंल तर पोरगी पसंत हाय, बघायला बी येत न्हाई, पुढच्या हंगामाला नवी जोडी फडावर. न बघता! अजून अठरा पूर्ण नाहीत मला. आणि बारावीनंतर नर्सिंग करायचंय त्याचं काय??
मावशी तडकली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"
आप्पा मावशीकडं बघेनात. मला म्हणाले, "काय सांगू त्येला?" सगळी टोळी मुकादमाच्या हाताखाली, त्याला नाही म्हणणं सोपं नाही. पण आप्पांनी आजवर मला कधी काही विचारलंच नव्हतं.

२१ जाने.
बारावीच्या हॉलतिकिटाची झेरॉक्स आप्पांना दिली. फोटोत दोन वेण्या, चपचपीत तेल, एक डोळा अर्धा मिटलेला. म्हटलं, "हिचा पेपर आहे फेब्रुवारीत. हे दाखवा त्यांना." आप्पांनी घडी करून टोपीत ठेवली आणि जीपमध्ये बसले.
शीतलताईंना फ्लेक्स काढा म्हटलं. "गिऱ्हाईक वाढलंय गं, आठ दिवस राहू दे."

२४ जाने., शनिवार
आत्ता आईचा फोन. दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलवरून, हळू आवाजात. आप्पांनी झेरॉक्स सगळ्या टोळीपुढं काढली. मुकादम म्हणाला, "ही कोन?"
"मग आप्पा?"
"म्हनले, ही माझी पोरगी. फोटोतली न्हाई, ही. हिची परीक्षा हाय."
"आणि मुकादम? आई? आई?"
रेंज गेली. तेव्हापासून लावतेय. लागत नाही.