मीनाक्षीकडे अडकलेलं प्रोफाइल

द्वारका, नवी दिल्ली
१६ ऑगस्ट २०११

चि. विनायक यास,

मीनाताईचे अनेक आशीर्वाद. संपदाचा गुडघा आता कसा आहे? जिने कमी चढ म्हणावं तिला. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, आजारी आहे तो फक्त कॉम्प्युटर, म्हणून ईमेलऐवजी हे पाकीट. (मोबाइल यांच्या खिशात असतो आणि हे खुर्चीत असतात, म्हणून फोनही नाही.)

गौरवने बंगलोरला जाताना त्याचा लिनक्सवाला कॉम्प्युटर आम्हाला ठेवला. अशा प्रत्येक यंत्राला एक नाव द्यावं लागतं म्हणे. कार्ट्याने माझं माहेरचं दिलं होतं, मीनाक्षी. गेल्या आठवड्यात ते तुझ्या भावोजींच्या लक्षात आलं (सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण फायलींची नावं बदलायची खोड काही निवृत्त झालेली नाही). चौतीस वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात अंगठीने 'कुमुद' लिहून त्यांनी पहिल्या मीनाक्षीचा निकाल लावला होताच (मला कोणी विचारलं नव्हतं, आणि तू जिलब्यांच्या पंगतीत होतास). आता दुसरीचा लावला. चांगला दिवस पाहून यंत्राचं नाव 'कुमुद' केलं, आणि त्याच घटकेला वीज गेली.

तेव्हापासून ब्राउझर उघडत नाही. एक चौकट येते: हे प्रोफाइल 'मीनाक्षी' नावाच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे, म्हणून कुलूप लावलं आहे. हे महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची यादी ईमेलमध्ये, पासवर्ड फक्त ब्राउझरला पाठ, आणि यादी पंचवीस तारखेला छापायला द्यायची आहे. यांनी आधी यंत्र सात वेळा बंद-चालू केलं. मग दुसरा कॉम्प्युटर शोधायला माळ्यावर चढले (मयूर विहारहून इकडे राहायला येताना हरवलेली इस्त्री सापडली). मार्केटमधला मेकॅनिक आला, 'अंकल, विंडोज डलवा लो' म्हणाला आणि चहा पिऊन गेला. शेवटी हे पडद्यासमोर हात जोडून म्हणाले, "मीनाक्षी, खोल ना यार, प्लीज."

मी स्वयंपाकघरातून 'ओ' दिली. हसू नकोस. चौतीस वर्षांत या माणसाने मला त्या नावाने एकदाही हाक मारली नव्हती, आणि ती मला फार गोड लागली. आता दिवसातून दहादा मारतात, यंत्राला का होईना. मी प्रत्येक वेळी ओ देते.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
मीनाताई

ता. क. १: पहिल्याच दिवशी हे आंघोळीला असताना गौरवचा फोन आला, तेव्हाच त्याने मला सांगितलंय. जुन्या नावाची कुलपाची एक फाइल मागे राहिली आहे, ती पुसली की झालं, मिनिटाचं काम. मी ती चोवीस तारखेला पुसणार आहे. मुलाला विचारणं तर सोडाच, मेहुण्याला विचारणंही यांना कमीपणाचं वाटतं, त्यामुळे शनिवारच्या आत तुला फोन यायचा नाही. आला तर तुला यातलं काहीही कळत नाही. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २: काल कंटाळून यांनी यादी आठवून आठवून कागदावर उतरवली. माझ्या नाट्यगीतापुढे 'सौ. कुमुद' लिहिलं. मी म्हटलं, बघा हं, यंत्राला राग यायचा. त्यांनी ते खोडून पेन्सिलने 'मीनाक्षी' लिहिलंय. पेनाने गिरवलं की कुलूप काढते.