छातीवर दोन हात

ती. ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (वाकवत नाही, म्हणून बसल्या जागेवरून घातलाय, गोड मानून घे).

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी औषधं वेळेवर घेतात ना? माझं विचारशील तर मला काहीच कळेनासं झालंय. श्वास घेता येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, तुम्हाला सोडता येत नाही! एका नळीत फुंकायला लावलं. तिथली बाई "अजून, अजून" अशी ओरडत होती, की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. निष्कर्ष असा, की आतल्या नळ्या सुजून अरुंद झाल्यात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, आणि शिळीच ठाण मांडून बसली तर ताजीला जागा कुठली? (तिथे मी मान डोलावली. घरी येईपर्यंत सगळं उलटंपालटं झालं.) विड्या, भुसा आणि पॉलिशची वाफ, तिघांनी मिळून केलं म्हणे.

मग पंप दिला. "दोनदा मारा, मध्ये मिनिटभर थांबा." जन्मभर कपाटांवर स्प्रेने पॉलिश मारणाऱ्याला हे काय शिकवायचं? कंपाउंडर दाखवायला आला, त्याला म्हटलं, राहू दे. घरी सदरा काढला, पंप हलवला, आधी रद्दीवर मारून पाहिला, मग वीतभर अंतरावरून छातीवर एकसारखा हात दिला. वाळू दिला. दुसरा हात दिला. आठवडा गेला, दम तसाच! डॉक्टरांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले आणि मग त्यांनी स्वतः पंप माझ्या तोंडाशी धरला. ते तोंडाने आत ओढायचं होतं. ओढल्यावर जरा मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. तो सोडायला बसलो, तर ही म्हणते, या वयात शिट्ट्या कोणाला मारताय?

गेलेलं पुरतं परत येत नाही, उरलेलं जपा, असं डॉक्टर म्हणतात. विड्या बंद, पॉलिशही बंद. ताई, विड्यांचं जाऊ दे, पण पॉलिश? दुसरं काही येतं का मला?

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं काही मनावर घेऊ नकोस. मी ठणठणीत आहे.

पुन्हा ता. क. चौथा मजला आता चढवत नाही, जिन्यात बसत बसत येतो. तुझी तळमजल्यावरची खोली एवढ्यात कोणाला देऊ नकोस. हिला यातलं काही सांगितलेलं नाही. घर सोडायचं म्हटलं तर रडेल.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. मी सामान बांधायला घेतलंय. खोलीच्या खिडक्या तेवढ्या उघडून ठेवा.