अठ्ठेचाळीस अभिप्राय

३ मे, सकाळी ७
पेनाचं टोपण हरवलं. मनुष्यजातीचा ऱ्हास इथूनच सुरू होतो. शोधण्यात दीड तास गेला. तरी प्रतिज्ञा कायम: अठ्ठेचाळीस प्रगतिपत्रकं, प्रत्येकावर वर्गशिक्षकाचा अभिप्राय. रोज सोळा. सहा तारखेपासून मुलीला पोहायला नेणार.

५ मे
एकही नाही. चिंतन चालू. सौ. म्हणाली, "अहो, चिंतन करताना घोरू नका."
'प्रगती समाधानकारक' असलं काही मी लिहिणार नाही. प्रत्येक मूल वेगळं, मग शेरा एकच का, असं हेडबाईंना भर मीटिंगमध्ये मीच विचारलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: प्रत्येकाला किमान तीन ओळी. तेव्हापासून स्टाफरूममध्ये मला कोणी चहा विचारत नाही.

९ मे
अकरा झाले! मुलीने पोहण्याचं विचारलं. सोमवारी नक्की, म्हटलं. कोणत्या, म्हणाली. फार बोलायला लागलीये.

१४ मे
सव्वीस. सत्तावीस नंबरला गाडी अडली. हजेरी शंभर टक्के, गुण मध्यम, तक्रार शून्य. चेहराच आठवेना. उकाडा फार आहे.

१६ मे
सुचलं! 'शांत, मितभाषी, विनयशील. वर्गाचं भूषण.' दीडच ओळ झाली. अक्षर मोठं काढलं. पुढच्या एकवीस जणांना हीच शैली थोड्या फरकाने मानवली. काम फत्ते.

१८ मे
पत्रकं शाळेत पोचवली. हेडबाईंना सत्तावीसचा अभिप्राय विशेष आवडला. मी विनयाने मान खाली घातली.

२० मे, संध्याकाळी
लायब्ररीच्या जिन्यात एक मुलगी आडवी आली. "सर, ओळखलंत?" म्हटलं, न ओळखायला काय झालं! कितवीत गं आता? "तुमच्याच वर्गात, सर. खिडकीजवळ, तिसरा बाक."
मग पाच मिनिटं तिने मला बोलू दिलं नाही. मांजरीची पिल्लं, पडलेला दात, माझ्या चालण्याची नक्कल (हुबेहूब). नाव विचारायचं धाडस झालं नाही. आईने खालून हाक मारली तेव्हा कळलं. सत्तावीस. जाताना आईला सांगत होती, "आमच्या सरांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

२१ मे
हेडबाईंना फोन केला. पत्रकं कालच घरोघरी गेली.
सौ.ला सांगितलं. तिने न विचारताच चहा आणून ठेवला.
ती मुलगी ते वाचेल. सरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं धरून चालेल. आणि पुढच्या वर्षी माझ्यामुळे गप्प बसायला लागेल, याची मला भीती वाटते.