कवडूचा चौकोन

समुद्रपूर, शनिवार

ती. नानाजी भाऊजी,

बबनचा नमस्कार घ्यावा; वाकून केला आहे असं धरून चालावं, कारण खरोखर वाकलो तर आता मला उठवायला दुसरा माणूस लागतो. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? ताईची साखर उतरली का? (उतरली असेल तर तिचा पेढ्यांचा डबा तुम्हाला सापडला, असा मी अर्थ घेतो.) इकडे सर्व ठीक. जिनिंग उभी आहे, रोलर घासूनपुसून तयार आहेत, आणि ज्या माणसानं याच आवारात पाठीवर रुईच्या गाठी वाहिल्या, तो आता गादीवर बसून पाठ दुखते म्हणतो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

पत्राला तसं कारण काही नाही. सहज लिहायला बसलो. तुमच्या वेदश्रीचं कौतुक कळवावं म्हटलं. होळीला ती इथे महिनाभर राहिली, तेव्हा तिनं मामाची जिनिंग कॉम्प्युटरवर चढवायचं मनावर घेतलं. मी म्हटलं, बाई, नव्यानं सगळं कशाला बनवतेस, फार वेळ जाईल. तर ती हसली. पुण्याला नोकरी करणारी पोरं गावच्या माणसाकडे बघून हसतात ना, अगदी तसं. म्हणाली, नव्यानं कोण बनवतं मामा, उचलायचं.

उचलायची जागा म्हणजे एक वेबसाइट. जगभरातले सॉफ्टवेअरवाले आपापले नकाशे तिथं आणून ठेवतात. (घर बांधण्याआधी काढतात तसाच नकाशा हे लोक सॉफ्टवेअर बांधण्याआधी काढतात. एक चौकोन, त्यातून निघालेला बाण, बाण पोचतो तिथं दुसरा चौकोन. एवढं शिकवायला कॉलेजात चार वर्षं ठेवतात.) ज्याला हवा त्यानं दुसऱ्याचा नकाशा घ्यावा, आपल्या मापाचा करावा आणि सुधारलेला परत तिथंच ठेवावा. विचार उदात्त आहे. आमच्या ताईनंही एकदा आपल्या ब्लाउजचं कागदी कटिंग असंच सगळ्या गल्लीला वाटलं होतं, आणि त्या दिवाळीत गल्लीतली एकही बाई हात वर करू शकली नव्हती, हे तुम्हाला आठवत असेल. फरक इतकाच की ताईच्या कटिंगला कुणी पसंतीच्या चांदण्या दिल्या नाहीत. इथं देतात. एका नकाशाला चारशे चांदण्या होत्या, आणि मी विचारलं तेव्हा कळलं की तो चालवून मात्र अजून कुणी पाहिलेला नाही. एकाचं नाव ‘अंतिम’, त्याच्या खाली ‘अंतिम नवा’, त्याच्या खाली ‘हाच अंतिम’. आपल्याकडे मतदार याद्यांचं असंच असतं.

कापसाचा नकाशा काही तिथं सापडेना. सापडला तो कुठल्याशा थंडगार देशातल्या मासळीच्या लिलावाचा. वेदश्री म्हणाली, चालेल. माल येतो, तपासला जातो, काट्यावर चढतो, भाव लागतो; मासळी काय आणि कापूस काय. तिनं मासळी पुसून कापूस लिहिला, भिंतीएवढा कागद छापून काट्याच्या खोलीत लावला आणि सगळ्यांना बोलावलं.

आता कवडू तुम्हाला ठाऊक आहेच, पण माझ्याकडे तो नेमकं काय करायचा ते तुम्ही कधी पाहिलं नसेल. फाटकात गाडी आली की तो कोपरापर्यंत हात कापसात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, एक सरकी दाताखाली फोडायचा. कट् वाजली तर माल कोरडा. नाही वाजली तर गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “दादा, गाडी जराशी उन्हात लावजो. मी चहा सांगतो.” झालं. माल ओला आहे असं कुणी म्हटलं नाही, कुणी ऐकलं नाही. (वजन वाढावं म्हणून पाणी मारणारे असतात, आणि बिचारे दवात सापडलेलेही असतात. चहा दोघांनाही सारखाच.) घंट्या-दोन घंट्यांनी गाडी काट्यावर.

तर त्या दिवशी कवडूनं तो कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग मला विचारलं, “मालक, याच्यात मी कुठी हाओ?” तपासणीच्या चौकोनात ओल मोजायचं एक मीटर काढलेलं होतं. मला विनोद सुचला. भाऊजी, मला विनोद सुचतात, हा जुना आजार आहे. मी म्हटलं, “तू त्या बाणात हायेस.” सगळे हसले. कवडू म्हणाला, “बाणात मानूस राह्यत नाई, मालक.” त्यानं डबा उचलला, सायकल घेतली, आणि पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तेव्हापासून तो तुमच्या रोहण्यात लेकीकडे बसून आहे आणि रोज संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येतो.

त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही. दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर सुरू केला. हंगामाच्या शेवटच्या वेचणीच्या, फरदडीच्या गाड्या होत्या. पहिली गाडी गिरडच्या रत्नदीपची, त्या गावातला सर्वांत स्वच्छ कापूस. आता वेदश्रीनं मासळी पुसली होती, पण मासळीखालचा बर्फ पुसायचा राहिला होता. पडद्यावर प्रश्न आला: माल किती वेळ बर्फात होता? उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आमच्या कारकुनाला लिहिलेलं मोठ्यानं वाचायची सवय. त्यानं रत्नदीपला चार गाडीवानांदेखत विचारलं. कापूसवाल्याला ‘बर्फात ठेवला का’ म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. रत्नदीप ओरडला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “शेटजी, पाणी मारलं असं वाटते तर तोंडावर सांगा ना. मशिनीकडून काऊन वदवून राह्यले?” आम्ही घाईनं बर्फ शून्य लिहिला. मशीन म्हणालं, माल सडला, परत पाठवा. अशा अकरा गाड्या त्या दिवशी सडल्या. रत्नदीपनं आपली गाडी वळवली आणि दुसऱ्या जिनिंगला नेली. माझ्याकडचा चहाही घेतला नाही.

वेदश्री गुणी आहे, चूक तिनं मानली. बर्फ पुसला, मीटर पुसलं, आणि तिथं एक नवा चौकोन काढून त्यात नाव लिहिलं: कवडू. एक बाण आत, दोन बाहेर. एक काट्याकडे, एक चहाकडे. आणि नियमाप्रमाणे नकाशा परत साइटवर ठेवला.

भाऊजी, तुमचा कवडू आता जगभर नोकरीला आहे. तीनशे बारा जणांनी तो उचलला. एका दवाखान्यानं घेतला. मूळच्या मासळीवाल्यांनीही परत नेला, म्हणजे तिकडे आता मासळीला चहा मिळत असणार. तक्रारीही येतात. एक लिहितो, आमचा कवडू सगळ्यांनाच हो म्हणतो, दुरुस्ती कधी होणार? दुसरा विचारतो, कवडू कोणत्या नियमानं ठरवतो ते कळवावं. हे सगळं वेदश्री मला पाठवते: मामा, त्या चौकोनाच्या आत काय चालतं ते लिहून द्या.

मी पेन्सिल घेऊन बसलो. लिहिलं: एक, हात घालतो. दोन, सरकी फोडतो. तीन, माणसाच्या तोंडाकडे बघतो. पुढे पेन्सिल जाईना. कापूस ओला आहे हे हाताला कळत असेल, पण पाणी मारलं की दव पडलं हे त्याला कसं कळायचं, आणि कळूनही दोघांशी तो एकाच आवाजात कसा बोलायचा, ते मी एकतीस वर्षं दहा हातांवर बसून पाहिलं नाही. तीनशे बारा ठिकाणी तो चौकोन रिकामाच गेला आहे.

असो. तो हट्टी माणूस आहे, आणि मी काही कुणाच्या मागे लागणाऱ्यातला नाही. ताईला नमस्कार.

तुमचा,
बबन

ता.क. येत्या गुरुवारी नव्या हंगामाचं काटापूजन आहे. नारळ दरवर्षी कवडू फोडतो. सकाळची आर्वीची बस सोयीची पडेल, हे आपलं माहितीसाठी.

ता.क. मोतीबिंदू झाल्यापासून कवडू पत्रं तुमच्याकडूनच वाचून घेतो. हे त्याला वाचून दाखवाल तेव्हा ‘त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही’ हे वाक्य गाळावं. हट्टी म्हटलंय ते राहू द्या, नाहीतर पत्र माझंच आहे यावर त्याचा विश्वास बसायचा नाही.

ता.क. माझे कान तिखट आहेत, हे त्याला ठाऊक असून तो विसरला. त्या दिवशी फाटकात सायकलवर बसताना तो स्वतःशीच बोलला, “एवढी वर्षं कोनाच्याच मालाले चारचौघात ओला म्हनलो नाई, अन् मलेच सगळ्याइसमोर...” ते मला गादीवर ऐकू आलं होतं. ऐकूनही मी उठलो नाही. हे त्याला सांगावं. माझ्या शब्दांत सांगा, विनोद न घालता.

ता.क. मुहूर्ताआधीच्या तुरळक गाड्या यायला लागल्या आहेत. तीन दिवस मीच हात घालून बघतो आहे. सरकी फोडायला माझे दात नाहीत आणि हाताला काही कळत नाही, म्हणून सरसकट सगळ्यांनाच उन्हात उभं करून चहा पाजतो आहे. काल रत्नदीप आला होता, स्वतःहून. खडखडीत कोरडा कापूस. तोही दोन घंटे बसला, तीन चहा प्याला, आणि जाताना एवढंच म्हणाला, “गुरुवारी येतो, शेटजी. कवडूभाऊ असन तं गाडी आणतो.”