ठिपका खाली उतरला

लायडन, १२ फेब्रुवारी १८९९

प्रिय बाबा,

फेन्नाचा लेकीच्या मायेने नमस्कार. मी मजेत आहे. बोटावरचा चटका भरत आलाय, आईला सांगू नका.

तुम्ही फुंकून पाठवलेली काचेची नळी निकामी निघाली असं मी कळवलं, तेव्हापासून तुम्ही भट्टीकडे फिरकला नाहीत, असं वेसेलदादा लिहितो. म्हणून घाईने लिहितेय.

नळीतून विद्युत्कण सुटतात आणि टोकाच्या काचेवर हिरवा ठिपका उमटतो. मध्ये वर-खाली बसवलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांना वीज जोडली की तो सरकायला हवा. महिनाभर तो हललाच नाही. आमच्या प्रयोगशाळेतले साहाय्यक फान रेडे म्हणाले, "काचच खराब आहे." मीही ते खरं मानलं, बाबा. त्याचंच वाईट वाटतं.

मग शंका आली की आत हवा उरली असेल आणि तीच पट्ट्यांचा जोर मोडत असेल. तीन दिवस पंप चालवून ती काढली. काल वीज जोडली आणि ठिपका दोन बोटं खाली उतरला. बंधाऱ्यावरून समोर फेकलेला दगड पुढे जाता जाता कालव्याकडे झुकतो ना, तसेच हे कण खालच्या पट्टीकडे झुकतात.

फान रेडेंनी वाकून नळी तपासली. म्हणाले, "एवढी हवा काढूनही नळी तडकली नाही. वडिलांना कळव, चूक माझी होती."

खोकला कसा आहे? खरं सांगा.

आम्हाला आणखी दोन नळ्या हव्यात. फुंकायचं काम दादाला करू द्या. तुम्ही शेजारी बसून काच कधी फिरवायची ते सांगा. ते त्याला अजून जमत नाही, पण तो कबूल करायचा नाही.

तुमचीच,
फेन्ना